पडद्यावरचं जेवण

मी जळगावच्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. बंद पडलेली वस्तू समोर आली की माझे हात शिवशिवतात आणि ती चालू होईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. बायकोच्या मते हा गुण नाही, खोड आहे. मायला विसरण्याचा आजार झाला तेव्हा तोही मी असाच दुरुस्तीला घेतला, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

माय सोनगीरला राहते. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना हायवेला लागून गाव, वर किल्ला, खाली आमच्या तीन खोल्या. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. शेत बटाईनं दिलेलं आहे. मला भाऊ-बहीण नाही. आजार कळल्यावर तिला जळगावला आणून पाहिलं. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती पाच आठवडे राहिली आणि पाचही आठवडे तिनं रोज सकाळी पिशवी भरली. दोन लुगडी, तपकिरीची डबी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. मग दाराशी उभी राहून म्हणायची, चला घरी. एकदा कुणाच्या तरी मागोमाग लिफ्टमधून उतरली आणि भर दुपारी अनवाणी रस्त्याला लागली. एका भाजीवाल्यानं तिला परत आणलं. त्या दिवशी मी तिच्यावर इतका ओरडलो की शेजाऱ्यांनी दार उघडून पाहिलं.

धुळ्यातल्या मानसोपचारतज्ज्ञ बाई वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या, पण बोलायला स्पष्ट. त्या म्हणाल्या, हा डिमेन्शिया आहे, उलटा फिरणार नाही. पण ओळखीच्या घरात, ओळखीच्या भांड्याकुंड्यांत तुमच्या आई जास्त दिवस नीट राहतील. जमवता येत असेल तर तिथेच ठेवा. जमवता येत असेल तर, हे शब्द मला आव्हानासारखे वाटले.

मी कामाला लागलो. स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला. ठरावीक वेळानं गॅस आपोआप बंद करणारं यंत्र लावलं. गोळ्यांच्या डबीला घंटी जोडली, आणि तिच्या तुळशीच्या माळेत बटणाएवढं एक उपकरण ओवलं. ती घरापासून लांब गेली की माझा फोन वाजायचा. आयटीआयच्या स्टाफरूममध्ये लोक माझा फोन हातात घेऊन बघायचे. मी वर्गात फळ्यावर आकृती काढून विद्यार्थ्यांना हे सगळं समजावून सांगितलं, आईचा उल्लेख न करता. खरं सांगायचं तर मला त्या यंत्रांचा माज चढला होता.

या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगाची होती ती शेजारची भाभी. तिचा नवरा भांड्यांना कल्हई करायचा. तो गेल्यापासून ती घरी ब्लाऊज शिवते. सोनगीरला पितळेची भांडी पूर्वीपासून घडतात, त्यामुळे त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून तीन पिढ्या आहे. भाभी सकाळ-संध्याकाळ यायची, गॅस पेटवायची, भाजी टाकायची आणि माय भाकरी थापत असताना जवळ बसायची. हो, भाकरी माय अजून स्वतः थापते. आज वार कोणता ते तिला सांगता येत नाही, पण तिच्या भाकरीची कड फाटत नाही. स्वयंपाक झाला की भाभी गॅस बंद करून आपल्या घरी जायची, कारण तिच्याही घरी नातवंडं जेवायची असत. म्हणजे मायचं ताट वाढून होईपर्यंत भाभी आणि पुढे कॅमेरा, अशी व्यवस्था होती.

या व्यवस्थेत मायचं वजन उतरायला लागलं. चव्वेचाळीस किलोवरून ती तीन महिन्यांत चाळीसवर आली. डॉक्टरबाईंनी मला बसवून सांगितलं की छत्तीसच्या खाली गेल्या तर दवाखान्यात ठेवावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळी आली की सोनगीरचं घर संपलं. मग जळगाव, नाहीतर एखादी संस्था. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तो एकच आकडा बसला.

मी कॅमेऱ्याचं जुनं चित्रण काढून बघत बसलो. माय ताट वाढायची. त्यावर दुसरं ताट झाकायची. मग भिंतीला पाठ टेकून दाराकडे बघत बसायची. तासभर, कधी दीड तास. शेवटी उठून भाकरी दाराबाहेरच्या गाईला घालायची आणि ताट धुऊन ठेवायची. आठ दिवसांचं चित्रण बघितल्यावर माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात बाईमाणूस पुरुषांच्या आधी जेवत नसे. वडील शेतातून यायला कितीही उशीर होवो, ती थांबायची. वडील गेल्यावर मी सोनगीरला असलो की माझ्यासाठी थांबायची, आणि मी नसलो तर कुणी नाही म्हणून जेवायची. आता कोण गेलं आणि कोण राहिलं याचा हिशेब तिच्या डोक्यातून पुसला गेला होता. थांबायचं एवढं मात्र राहिलं होतं.

कारण सापडल्यावर मला हायसं वाटलं. कॅमेऱ्याला बोलण्याची सोय होती. दुसऱ्या दिवशी तिनं ताट झाकल्याबरोबर मी जळगावहून म्हणालो, माय, जेवून घे. ती दचकली. वर कोपऱ्यातून पुरुषाचा आवाज आलेला. तिनं झटकन डोक्यावर पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी पुन्हा म्हणालो, अगं बस, मी आहे. ती आणखी ताठ झाली. माझा पारा चढला. मी मोठ्यानं सांगत राहिलो आणि ती सासऱ्यापुढे उभी राहावी तशी अर्धा तास उभी राहिली. शेवटी आवाज ऐकून भाभी आली, तिनं आधी कॅमेऱ्याचा प्लग काढला आणि मग मायला खाली बसवलं. संध्याकाळी तिनं फोन करून मला सुनावलं की भाऊ, भिंतीतून ओरडायचं असेल तर मी येत नाही.  बायको शेजारीच होती, तिला फार समाधान वाटलं.

उपाय सापडला तो योगायोगानं. एकदा मी भाभीच्या फोनवर मायशी बोलत होतो, समोर माझा डबा उघडा होता आणि तोंडात घास होता. मायनं पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

“जेवी ऱ्हायना का तू?”

जेवतोय का तू, एवढंच. मी मान हलवली. मी शेवटचा घास घेईपर्यंत ती बघत राहिली, मग तिनं आपलं झाकलेलं ताट ओढलं आणि जेवायला लागली. सबंध जेवली. भाभी मागून हातानं मला खुणा करत होती, फोन ठेवू नका म्हणून.

पुढच्या रविवारी मी तिच्या समोरच्या देवळीत, जिथे पूर्वी कंदील ठेवायचे तिथे, एक टॅब बसवला. माझा फोन आला की तो आपोआप उचलला जाई. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला मी तिच्यासमोर जेवायचो. दुपारी स्टाफरूममध्ये, संध्याकाळी घरी. आधी मी संपवायचो, मग ती सुरू करायची, आणि ती संपवेपर्यंत मी ताटावर बसून राहायचो. बोलणं फारसं नसे. सहकाऱ्यांनी थट्टा सुरू केली, सर, आईला ढेकरही ऐकवत चला. मीही हसायचो. दोन महिन्यांत तिचं वजन दीड किलोनं वाढलं. मी डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं आणि त्यांनी शाबासकी दिली, ती मी घरी येऊन दोनदा सांगितली.

मग परीक्षा आल्या. प्रात्यक्षिकं, बाहेरचे परीक्षक, बाराला जेवणाची सुट्टी होईलच याचा भरवसा नाही. दोनदा मला उशीर झाला आणि दोन्ही वेळा मायनं भाकरी गाईला घातली. तेव्हा माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. एका संध्याकाळी निळा चौकड्यांचा शर्ट घालून मी टेबलाशी बसलो आणि माझं जेवण रेकॉर्ड केलं. माय, मी जेवतो हां. मग एक भाकरी आणि वांग्याची भाजी. मध्ये दोनदा मान वर करून हसलो. शेवटी, झालं माझं, आता तू बस. अकरा मिनिटं. टॅबवर ते रोज बाराला आणि सातला आपोआप लागेल असं करून ठेवलं. पहिल्या दिवशी मी कॅमेऱ्यातून बघितलं. माझं जेवण संपलं, तिनं ताट ओढलं, भाकरी मोडली, खाल्ली. मी खुर्चीत मागे रेललो. एखादं सर्किट पहिल्या फटक्यात चालावं तसा आनंद झाला मला.

परीक्षा संपल्या, पण मी परत प्रत्यक्ष जेवायला बसलो नाही. कशाला बसायचं, चाललं होतं ना. बायकोनं एकदा विचारलं, आईंशी बोलणं होतं का हल्ली? मी म्हणालो, रोज दोनदा. दोन महिने मी माझ्या आईसमोर रोज दोन वेळा जेवत होतो आणि एकदाही जेवलो नव्हतो.

वजन परत उतरायला लागलं. गावच्या दवाखान्यात भाभी तिला महिन्याला काट्यावर उभी करायची. एकोणचाळीस भरलं. मी म्हणालो काटा खराब असेल, आणि नवा काटा विकत घेऊन पाठवला. नव्या काट्यावर साडेसदतीस. डॉक्टरबाईंनी रक्त, लघवी, थायरॉईड सगळं तपासलं. काही निघालं नाही. त्यांनी विचारलं, त्या जेवतात हे तुम्ही डोळ्यांनी बघता ना? मी म्हणालो, रोज बघतो, चित्रण ठेवलंय. त्या म्हणाल्या, तुम्ही झोपता का नीट? मी वैतागून म्हणालो, पेशंट मी नाही. त्यांनी तरी माझं ब्लडप्रेशर घेतलं आणि मला गोळी लिहून दिली. बरोबर केलं त्यांनी. तेव्हा मी शिकवतानाही फोन टेबलाखाली धरून कॅमेरा बघायचो, आणि एकदा जिवंत तारेला हात लावून बसलो होतो.

त्यानंतर आठवड्यानं भाभीचा फोन आला. घरात मुंग्यांची रांग लागली होती. ती रांग धरून गेली तर मधल्या खोलीतल्या धान्याच्या रिकाम्या कोठीत वडिलांचं एक धोतर गाठ मारून ठेवलेलं सापडलं. त्यात अर्ध्या अर्ध्या भाकरी होत्या. काही कडक झालेल्या, काहींना बुरशी. भाकरीवर भाजी वाळून बसलेली. भाभीनं मायला विचारलं, हे कशाला? मायनं आधी इकडेतिकडे बघितलं, मग हळूच सांगितलं. भाभीनं तिचे शब्द मला जसेच्या तसे फोनवर ऐकवले.

“त्यानी बायको त्याले रोज तीच भाजी करस. येकच भाकर देस. त्याले पुरत नही.”

त्याची बायको त्याला रोज तीच भाजी करते, एकच भाकरी देते, त्याला पुरत नाही. म्हणून ती आपल्या एका भाकरीतली अर्धी पदराखाली घ्यायची आणि माझ्यासाठी ठेवायची. टॅबकडे तोंड करून ती बसली की कॅमेरा तिच्या पाठीमागे यायचा. त्याला तिचा उजवा खांदा दिसायचा आणि हलणारी मान दिसायची. मी ती मान बघून जेवण मोजत होतो.

मी त्याच दिवशी सोनगीरला गेलो. मायनं मला ओळखलं. दारातच माझ्या पोटावर हात फिरवून पाहिला आणि मान हलवली. मग आत जाऊन तेच गाठोडं घेऊन आली. भाभीनं ते फेकायला स्वयंपाकघराच्या ओट्यावर काढून ठेवलं होतं. मायनं गाठ सोडली, त्यातली बरी दिसणारी अर्धी भाकरी निवडली आणि माझ्या हातावर ठेवली. मी एक कोपरा मोडून तोंडात घातला. दात लागत नव्हता. ती समोर बसून बघत होती, म्हणून मी तो चघळत राहिलो. मला माझी लाज वाटली, इतकी की मान वर करता येईना. रागही आला, तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी उठून ती कोठी अंगणात ओढली आणि घासून घासून धुतली.

डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आठवण सगळी एका मापानं जात नाही. काल काय पाहिलं हे त्यांना सांगता येणार नाही, पण काल पाहून जी काळजी वाटली ती आत साठत जाते. तुम्ही त्यांना रोज दोन वेळा काळजी दाखवत होता.

घरी मात्र भडका उडाला. बायको म्हणाली, सगळ्या सोनगीरात माझी बदनामी करून ठेवली तुम्ही. मी नवऱ्याला रोज वांगं घालते आणि तेही एका भाकरीवर. तिचं म्हणणं रास्त होतं. त्यानंतर तिनं सूत्रं हाती घेतली. रेकॉर्डिंग मी तिच्यासमोर पुसून टाकलं. दुपारच्या डब्यात दोन भाकरी, रोज वेगळी भाजी, वर कांदा. संध्याकाळी ती स्वतः माझं ताट उचलून कॅमेऱ्यापुढे धरायची, चारी बाजूंनी दाखवायची आणि म्हणायची, बघा आई, आज मेथी आहे, आज पाटवड्या आहेत. माय गंभीरपणे बघायची आणि कधीकधी तिखट जास्त दिसतंय असं म्हणायची. भाभीनंही आपली वेळ बदलली. नातवंडांना आधी वाढून ती मायचं जेवण होईपर्यंत बसायला लागली. माझं वजन चार किलोनं वाढलं. मायचं एकोणचाळीसवर आलं.

असं वर्षभर चाललं. मी एकही वेळ चुकवली नाही, ताप असतानाही नाही. यात मोठेपणा सांगण्यासारखं काही नाही, माणूस दोन वेळा जेवतोच. पण त्या अर्ध्या तासात मी दुसरं काही करत नसे, फोन चाळत नसे, कुणाला उत्तर देत नसे, आणि हे मला आयुष्यात पहिल्यांदा जमलं. कॅमेरा बघणं आपोआप कमी झालं. बीपीची गोळी अर्धी झाली.

यंदा थंडीत, एका रविवारी, मी घरी बाराला जेवायला बसलो. बायकोनं ताट दाखवलं. मी म्हणालो, माय, मी जेवतो हां. मायनं पडद्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला. मग भाभीकडे वळली.

“हाऊ कोन शे?”

भाभी म्हणाली, तुमचा मुलगा आहे, रोज नाही का बोलत. माय हसली. तिनं सांगितलं की माझा मुलगा लहान आहे, शाळेत गेलाय, यायची वेळ झाली. हे कुणीतरी मिशा पिकलेले पाहुणे आहेत. त्यांना आधी वाढा.

मी म्हणालो, माय, मीच आहे.  मी माझं बारशाचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, लहानपणी विहिरीत पडलो होतो ते सांगितलं, कपाळावरची खूण पडद्याला चिकटवून दाखवली. माझा आवाज चढत गेला. बायको माझा दंड दाबत होती. मायनं पदर पुढे ओढला, ताटावर ताट झाकलं आणि दाराकडे तोंड करून बसली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी मी परत प्रयत्न केला, शांतपणे, जुने फोटो दाखवून. संध्याकाळीही जेवली नाही. भाभीनं भरवायला घास पुढे केला तर तिनं तोंड मिटून घेतलं आणि हातानं दाराकडे दाखवलं. मुलगा यायचा आहे.

रात्री मीही जेवलो नाही. मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि विचारलं की ओळख पटवायची काही युक्ती आहे का, काही व्यायाम, एखादं ॲप. त्या म्हणाल्या, सर, वाद घालू नका. त्यांना ओढून तुमच्याकडे आणता येणार नाही. त्या जिथे आहेत तिथे तुम्ही जा. मी म्हणालो, उद्या दुपारून निघतोच सोनगीरला. त्या म्हणाल्या, मी एसटीचं नाही बोलत.

सोमवारी सकाळी ती चहासुद्धा प्यायली नाही. बाराला मी स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. देवळीसमोर माय बसलेली दिसली. चेहरा सुकला होता. मला बघून तिनं पदर सावरला, पाहुण्यापुढे सावरतात तसा. आणि पाहुण्याला म्हणावं तसंच म्हणाली:

“भाऊ, तुम्ही जेवी ल्या. मना आंडोर शायमा गया. तो जेवना का मंग मी जेवसू.”

आंडोर म्हणजे मुलगा. माझा मुलगा शाळेत गेलाय, तो जेवला की मग मी जेवेन. मी लहान असताना वडिलांनी घरात ठरवलं होतं की पोरानं शुद्ध बोलायचं, म्हणून मायशीही मी अर्धी अहिराणी आणि अर्धी पुस्तकी मराठी बोलत आलो. गावातला परका, वयस्क माणूस तिच्याशी कसा बोलेल हे मला क्षणभर आठवावं लागलं. स्टाफरूममध्ये चारपाच जण होते. मी घसा साफ केला.

“अक्का, तुमना आंडोर माले वाटमा भेटना. त्यानं जेवन व्हई गयं.”

वाटेत भेटला, जेवण झालंय त्याचं. ती पुढे सरकली. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे सरळ बघितलं.

“काय खादं त्यानी?”

“उडीदनी दाय आन दोन भाकरी.”

“पोट भरनं का त्यानं?”

“भरनं.”

तिनं झाकलेलं ताट उघडलं. भाभीनं भाजी वाढली. माय सावकाश, एकेक घास बारीक चावून जेवत होती, आणि मी आता तिचा कुणीच नव्हतो. मला रडू आलं. ते पाहुण्याला शोभणारं नव्हतं, म्हणून मी खाली बघून कांदा सोलत बसलो. तिनं दीड भाकरी खाल्ली. पाणी प्यायली. मग माझ्यासमोरचा डबा तसाच भरलेला आहे हे तिच्या लक्षात आलं असावं.

“तुमनी माय शे का, भाऊ?”

आहे का तुमची आई. मी म्हणालो, “शे.”

“मंग घर जा बरं. ती जेवाबिगर बठेल व्हई.”

ती न जेवता बसली असेल. मी डब्याला झाकण लावलं, अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहून टेबलावर ठेवला आणि धुळ्याची गाडी पकडली.